माया लोकांच्या रानांतील मोटारप्रवास

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली त्या सप्ताहांत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आमच्या भेटीस आला. तो उत्तर अमेरिकेंत नोकरीस असून, मेक्सिको देशाच्या युकातान नामक द्वीपकल्पांत आठ दिवस प्रवास करून नुकताच परतला होता. वरच्या वर्गांतील मुलांना चार शब्द सांग, अशी आम्हीं त्यास विनंती केली, व त्यानें ती आनंदानें मान्य केली. सभागृहांत पडदा लावून त्यानें आपण घेतलेलीं छायाचित्रें दाखविलीं. चाळीसएक चित्रें असतील. त्यांपैकीं पस्तिसांत चार जाड चाकांच्या उघड्या मोटारगाड्या, त्यांवर शिरस्त्राणें घालून बसलेले तरुण, आणि सर्वांच्या अंगावर डोक्यापासून पायांपर्यंत उडालेला चिखल, एवढेंच होतें. उरलेल्या चारपांचांत एक दगडी शिखरमंदिर होतें, व त्याच्या पायथ्याशीं तेच चिखलानें माखलेले तरुण उभे होते.

मुलांनीं प्रश्न विचारले. गाडी ताशीं किती धांवते? उलटली तर काय होतें? भाडें किती पडतें? घंटा होण्याच्या बेतांत असतां शेवटच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "हीं देवळें ज्यांनीं बांधलीं त्यांचे वंशज हल्लीं कोठें आहेत? एकाहि चित्रांत ते दिसले नाहींत." आमचा माजी विद्यार्थी क्षणभर घुटमळला. मग प्रामाणिकपणें म्हणाला, "आमच्या पुढें गाडी घेऊन वाट दाखविणारे गृहस्थ त्यांच्यांपैकींच होते. दोन दिवस ते आमच्याबरोबर होते. त्यांचें नांव विचारावयाचें मात्र राहून गेलें."

ह्या उत्तरानें आमच्या मनांत जे विचार उत्पन्न झाले ते वाचकांपुढें ठेवावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. त्या विद्यार्थ्यास दोष देण्याचा हेतु मुळींच नाहीं. आम्हांस दोष देण्याचा अधिकार कितपत आहे, तें लेखाच्या शेवटीं कळून येईल.

प्रथम हे प्रवास कोणत्या प्रकारचे असतात तें सांगितलें पाहिजे. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरील कानकून, प्लाया देल कार्मेन, तुलूम ह्या गांवीं समुद्रस्नानासाठीं दरवर्षीं लाखों प्रवासी येतात. समुद्राचा कंटाळा आला कीं त्यांच्यासाठीं रानांतील सफरी तयार असतात. कोठें जीपगाड्या, कोठें मोटारसायकली, कोठें एकट्या-दुकट्यानें हांकावयाच्या चारचाकी उघड्या गाड्या. वाटाड्या पुढें व प्रवासी मागें, अशी ओळ पक्की सडक सोडून झाडींतील चिखलवाटेनें निघते. मध्यें एखाद्या नैसर्गिक कुंडांत पोहणें होतें, एखाद्या माया खेड्यांत मक्याच्या भाकरीचें जेवण होतें, आणि कोबा किंवा तुलूम ह्यांसारख्या प्राचीन नगराच्या अवशेषांचें दर्शन होतें. दक्षिणेस ग्वातेमाला व बेलीझ ह्या देशांतहि असेच प्रवास निघतात.

हा मुलूख आपणांपासून अर्धी पृथ्वी दूर असला तरी अगदींच परका नाहीं. डहाणू-घोलवडचा चिकू आपण आवडीनें खातों. त्या झाडाचें माहेर हींच रानें. झाडाच्या सालीस खांचा पाडल्या असतां जो पांढरा चीक निघतो, त्यापासून पूर्वीं च्युइंग गम बनवीत. तो गोळा करणारे मजूर खेंचरांवर सामान लादून महिनेच्या महिने रानांत हिंडत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अनेक विस्मृत नगरांचा पत्ता संशोधकांस त्यांच्याचकडून लागला. आज ज्या रानवाटांचें प्रवाशांस कौतुक वाटतें, त्यांपैकीं कित्येक मुळांत ह्या मजुरांच्या पायांनीं व खेंचरांच्या खुरांनीं पडलेल्या आहेत. चिकूचें लांकूड इतकें चिवट कीं, ग्वातेमालांतील तिकाल येथील देवळांच्या दारांवर सुमारें बाराशें वर्षांपूर्वीं बसविलेल्या त्याच्या कोरीव तुळया पावसाळी हवेंतहि टिकून राहिल्या. त्यांतील कांहीं आज युरोपांतील संग्रहालयांत आहेत.

आतां हीं नगरें बांधणाऱ्यांविषयीं. माया संस्कृतीचा भरभराटीचा काळ सामान्यतः इ. स. २५० ते ९०० हा धरितात. आपल्या पूर्वजांप्रमाणेंच, परंतु त्यांच्याशीं कोणताहि संबंध नसतां, ह्या लोकांनीं शून्याची कल्पना स्वतंत्रपणें शोधून काढली, व वीस ह्या संख्येवर आधारलेली गणना करून सूर्य, चंद्र व शुक्र ह्यांच्या गतीचीं कोष्टकें तयार केलीं. ओझें ओढणारें जनावर त्यांच्याजवळ नव्हतें, आणि वाहनास चाक लावण्याची प्रथाहि नव्हती. तरीहि त्यांनीं रानांतून उंच, रुंद व चुन्यानें पांढरे केलेले रस्ते बांधले. त्यांस ते साक्बे, म्हणजे श्वेतमार्ग, म्हणत. कोबापासून याशूना नगरापर्यंत गेलेला असा एक मार्ग सुमारें १०० किलोमीटर लांबीचा आहे. विनाचाकाच्या लोकांनीं पायीं चालणाऱ्यांसाठीं एवढा उत्तम रस्ता केला, आणि आज आपण यंत्राचीं चाकें घेऊन तेथें जातों ते मुद्दाम चिखलाची वाट शोधण्यासाठीं! ह्या विसंगतीचें आम्हांस हंसूं आलें, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु हंसण्यानें वाद संपत नाहीं. ह्या प्रवासांची बाजू जी आहे तीहि न्यायानें मांडली पाहिजे. तरुणांस वेगाचा व साहसाचा सोस असावा ह्यांत गैर कांहीं नाहीं. इ. स. १८३९ मध्यें अमेरिकन प्रवासी जॉन लॉइड स्टीफन्स (आपल्या ख्रिस्तपुराणकर्त्या स्टीफन्सशीं ह्याचा संबंध नाहीं) व इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड हे खेंचरांवर बसून ह्या रानांत शिरले, ते कांहीं केवळ पुस्तकी ज्ञानाच्या ओढीनें नव्हे. साहसाची आवड त्यांच्याहि अंगीं होतीच. त्यांच्या वर्णनांनीं व चित्रांनीं माया नगरांकडे साऱ्या जगाचें लक्ष वेधलें. खेंचर चालतें, मग मोटार कां चालूं नये, असें कोणी विचारील.

दुसरें असें कीं, ज्याच्या पायांत बळ नाहीं त्यानें हीं स्थळें पाहूंच नयेत काय? आणि तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. प्रवासी जो पैसा आणतात त्यावर अनेक माया कुटुंबांचें पोट चालतें. जें रान उभें राहून चार पैसे मिळवून देतें, तें तोडण्यास गांवकरी सहसा तयार होत नाहींत. ग्वातेमालाच्या सरकारनें १९९० सालीं माया जीवावरण राखीव क्षेत्र स्थापिलें. त्याचा विस्तार सुमारें २१,००० चौरस किलोमीटर आहे. त्यांतील कांहीं भाग पुढें तेथील गांवांच्या संस्थांकडे सांभाळावयास दिला. अशा गांवांनीं लांकूड मोजकें तोडून, चिकूचा चीक व पानें विकून, व प्रवाशांची सोय करून आपलें रान पुष्कळसें राखलें आहे, हें सर्वमान्य आहे. तेव्हां प्रवासीच नकोत, असें म्हणणारे आम्ही नव्हे.

मग आमची तक्रार ती काय? आमच्या मतें ती तीन प्रकारची आहे.

पहिली तक्रार भूमीविषयीं. युकातानचा उत्तर भाग म्हणजे चुनखडीचा एक प्रचंड सपाट खडक असून त्यावर मातीचा थर अगदीं पातळ आहे. तेथें पृष्ठभागावर नद्या नाहींत. पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून खालीं उतरतो व जमिनीखालील विवरांतून वाहतो. जेथें विवराचें छत कोसळलें तेथें कुंड तयार झालें. त्यास सेनोते म्हणतात, व हा शब्दहि मूळचा माया भाषेंतीलच आहे. साक् आक्तून नांवाचें पाण्यानें भरलेलें एक विवर पाणबुड्यांनीं मोजलें, तें २०१८ सालीं ३४० किलोमीटरांहून अधिक लांब असल्याचें आढळलें. आपल्याकडे माती पाण्यास गाळून घेते, तशी गाळणी तेथें जवळजवळ नाहीं. वर सांडलेलें तेल, अंगाला फांसलेलें मलम, गांवांचें सांडपाणी, सर्व कांहीं त्याच पाण्यांत जातें, आणि तेंच पाणी लोक पितात. मुख्य दोष वाढत्या शहरांच्या सांडपाण्याचा आहे, मोटारींचा नव्हे, हें खरें. पण पावसाळ्यांत पातळ मातीवरून शेंकडों जाड चाकें गेलीं म्हणजे मुळें चिरडतात व वाट दरवर्षीं रुंद होत जाते, हेंहि तितकेंच खरें. पुष्कळ कुंडांवर, पाण्यांत उतरण्यापूर्वीं अंग धुऊन घ्यावें, असा नियम आहे. तो कोणाच्या लहरीखातर केलेला नाहीं, हें चिखलानें माखून आलेल्या प्रवाशानें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

दुसरी तक्रार वाटेविषयीं. वाट ही ज्यानें पाडली त्याच्यापुरती राहत नाहीं. आज ज्या वाटेनें हौशी प्रवासी गेला, त्याच वाटेनें उद्यां लांकूडचोर जातो, परवां गुरांच्या कुरणासाठीं रान जाळणारा जातो, आणि थडगीं फोडून मातीचीं चित्रित भांडीं विकणाराहि जातो. ग्वातेमालाच्या उत्तरेकडील रानांत ह्या तिन्ही आपत्ति प्रत्यक्ष घडलेल्या आहेत. त्या भागांत विमानांतून प्रकाशकिरण सोडून केलेल्या पाहणीचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें २,१०० चौरस किलोमीटर रानांत घरें, देवळें, कालवे, तटबंद्या मिळून ६०,००० हून अधिक बांधकामें झाडींखालीं लपलेलीं आढळलीं. म्हणजे जो उंचवटा पाहून गाडी उडविण्याचा मोह होतो, तो कोणाच्या घराचा जोता असण्याचा संभव आहे. त्या जागीं काय होतें, हें समजण्याचा एकच मार्ग म्हणजे तो उंचवटा होता तसा राहणें. मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न मेक्सिकोंतील माया रेल्वेनें उपस्थित केला. सुमारें १,५०० किलोमीटरांच्या ह्या लोहमार्गाचा पहिला भाग डिसेंबर २०२३ मध्यें सुरू झाला. तो रानांतून व विवरांवरून नेण्यावरून तेथें तीव्र वाद झाला. कोणी त्यांत गरीब प्रांताचें कल्याण पाहतो, कोणी नाश पाहतो. वाट पाडणें सोपें, मोडणें कठीण, एवढें मात्र दोन्ही पक्षांस मान्य व्हावें.

तिसरी तक्रार माणसांविषयीं, आणि आमच्या मनास सर्वांत अधिक लागलेली तीच. ह्या सफरींच्या जाहिरातींत माया लोक नाहींसे झाले, गूढ रीतीनें लुप्त झाले, असा सूर पुष्कळदां असतो. नगरें ओस पडलीं हें खरें. लोक नाहींसे झाले हें खोटें. माया कुळांतील सुमारें ३० भाषा बोलणारे निदान ६० लाख लोक आजहि मेक्सिको, ग्वातेमाला व बेलीझ ह्या देशांत राहतात. स्टीफन्सच्या काळीं कित्येक विद्वानांस वाटे कीं, असलीं देवळें ह्या गरीब शेतकऱ्यांच्या पूर्वजांनीं बांधणें शक्यच नाहीं. तीं मिसर देशांतून कोणी येऊन बांधलीं असावीं. स्टीफन्सनें मात्र डोळ्यांनीं पाहून ठाम सांगितलें कीं, बांधणारे ह्याच भूमीचे लोक होते. ज्यांचे पूर्वज एवढे थोर, त्यांचें अलीकडील दुःखहि तेवढेंच थोर आहे. ग्वातेमालांत १९६० पासून १९९६ पर्यंत जें यादवी युद्ध चाललें, त्यांत दोन लाखांवर माणसें मारलीं गेलीं किंवा बेपत्ता झालीं, आणि त्यांत फार मोठा भाग माया लोकांचाच होता. त्यांच्यांतील एक कन्या रिगोबेर्ता मेन्चू हिला १९९२ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या वाटाड्याची पाठ पाहत आपण दोन दिवस जातों, त्याच्या घरांतील कोणी त्या काळांत हरवलेलें नसेल, असें कोण सांगूं शकेल?

येथें एका गोष्टीचा उल्लेख आम्हीं न केला तर तो अप्रामाणिकपणा होईल, कारण ती आमच्या धर्मबंधूंची आहे. १५६२ च्या जुलै महिन्यांत युकातानमधील मानी गांवीं दिएगो दे लांदा नांवाच्या ख्रिस्ती धर्मगुरूनें माया लोकांच्या मूर्ति व त्यांच्या लिपींत लिहिलेल्या पोथ्या जाळल्या. तत्पूर्वीं अनेकांचा छळहि झाला. पोथ्या जळतांना लोकांस अपार दुःख झालें, हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. परंतु त्या दुःखाचें कारण मात्र त्यास उमजलें नाहीं. आज साऱ्या जगांत माया पोथ्या केवळ चार उरल्या आहेत. नवल असें कीं, ह्याच लांदानें पुढें माया लोकांच्या चालीरीतींचें सविस्तर वर्णन लिहिलें व त्यांत त्यांच्या अक्षरांचा एक तक्ता दिला. त्याच तक्त्याच्या आधारें १९५२ सालीं युरी क्नोरोझोव्ह ह्या रशियन पंडितानें ती लिपि वाचण्याची किल्ली शोधून काढली. लांदा १५७९ सालीं वारला. त्याच वर्षीं फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरला. त्यानें येथील लोकांची भाषा आत्मसात केली, व त्याचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें. गोव्यांतहि त्या काळीं सर्वच कांहीं प्रेमानें झालें असें नाहीं. परंतु परक्या भूमींत पाऊल ठेवणाऱ्यापुढें ह्या दोन वाटा नेहमींच असतात. एक, आपणांस जें समजत नाहीं तें तुडवून जाण्याची. दुसरी, त्या भूमीजवळ शिष्य म्हणून बसण्याची. धर्मोपदेशकास जें लागू तेंच हौशी प्रवाशासहि लागू आहे.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जावें, अवश्य जावें; गाडीवर बसूनहि जावें. परंतु गाडीवरून कोठें उतरावें हें ज्यास कळतें तोच खरा प्रवासी. जुन्या, ठरलेल्या वाटेनेंच गाडी न्यावी, नवी वाट पाडूं नये. अवशेषांपासून व पाणवठ्यापासून पुरेशा अंतरावर यंत्र बंद करावें, आणि पुढें पायीं जावें. यंत्राच्या गडगडाटांत रानाचा आवाज ऐकूं येत नाहीं, व ज्यानें रानाचा आवाज ऐकला नाहीं त्यानें रान पाहिलें असें म्हणवत नाहीं. वाटाड्या त्याच गांवचा असावा, त्यास योग्य वेतन मिळावें, आणि त्याला बोलूं द्यावें. जेथें चढण्यास मनाई आहे तेथें चढूं नये. चिचेन इत्सा येथील प्रसिद्ध शिखराच्या पायऱ्यांवर आतां कोणासच जाऊं देत नाहींत, व त्यामुळें त्याचें सौंदर्य तिळमात्र कमी झालेलें नाहीं.

हें अशक्य आहे असें कोणी म्हणूं नये. कोबापासून थोड्याच अंतरावर पुंता लागुना नांवाचें एक माया खेडें आहे. तेथील लोकांनीं आपल्या सरोवराभोंवतालचें रान वानरांसाठीं राखलें. सरकारनें २००२ सालीं त्यास संरक्षण दिलें. गांवचाच माणूस प्रवाशांस झाडीखालून पायीं नेतो, आणि शेंड्यांवर झोके घेणारीं लांब हातांचीं वानरें दाखवितो. ग्वातेमालाच्या उत्तर टोंकास एल मिरादोर म्हणून एक अतिप्राचीन नगर आहे. त्यांतील ला दांता नामक शिखर सुमारें ७० मीटर उंच आहे. तेथें मोटारींचा रस्ता नाहीं. कार्मेलिता गांवाहून खेंचरें व वाटाडे घेऊन जाऊन येण्यास पांच-सहा दिवस लागतात. पाय दुखतात, डांस चावतात, आणि तरीहि लोक जातात. पांच दिवस ज्याच्यामागून चालावें, ज्याच्या हातची भाकरी खावी, त्याचें नांव विचारावयाचें राहून जाणें मात्र कठीण.

आतां आरंभीं दिलेलें वचन पाळणें प्राप्त आहे. त्या व्याख्यानानंतर आम्हीं ह्याच वार्षिकाचा गेल्या वर्षींचा अंक काढून पाहिला. त्यांत शाळेची सहल एका गडावर गेली होती तिचा वृत्तान्त आहे. गडाची उंची आहे, तो कोणीं बांधला तें आहे, मुलांनीं काय खाल्लें तेंहि आहे. ऐन माथ्याखालीं धुकें उतरून आम्ही वाट चुकलों, तेव्हां पायथ्याच्या वाडींतील एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस दोन तास चालवून सुखरूप खालीं आणलें. बरोबर बावन्न मुलें होतीं. अहवालांत त्यांच्याविषयीं पांचच शब्द आहेत: "स्थानिक वाटाड्याच्या साह्यानें खालीं उतरलों." तो अहवाल आम्हींच लिहिला होता. त्यांचें नांव आम्हींहि विचारलें नव्हतें.

शेवटच्या बांकावरील त्या मुलानें युकातानविषयीं प्रश्न विचारला खरा, परंतु तो येऊन लागला आमच्याच घरीं. ह्या वर्षीं सहल पुन्हां त्याच गडावर न्यावी, असें आम्हीं मुख्याध्यापकांस सुचविलें आहे. गड पाहून झाला आहे. त्या वाडींत जाऊन एका माणसास भेटावयाचें राहिलें आहे.